चिपळूणला पूर का येतो?

वर्गाच्या भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा पाहा आणि रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण शोधून काढा. मुंबईहून गोव्याकडे निघाले की सुमारे अडीचशे किलोमीटरवर हे गाव लागते. पूर्वेला सह्याद्रीची भिंत आणि तिच्यातून कराडला जाणारा कुंभार्ली घाट. पश्चिमेला वाशिष्ठी नदी, जी पुढे रुंद होत दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. बाजारपेठेजवळून वाहणारी शिव नदीही येथेच वाशिष्ठीला येऊन मिळते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या पंचावन्न हजारांच्या आसपास होती. म्हणजे तसे लहानच गाव.

परंतु या लहान गावाने आणि त्याच्या तालुक्याने गेल्या साठ वर्षांत जे सोसले त्याची यादी मोठी आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. २६ जुलै २००५ चा महापूर. २ जुलै २०१९ ला फुटलेले तिवरे धरण. २२ जुलै २०२१ चा त्याहून मोठा महापूर. शिवाय परशुराम घाटात दर पावसाळ्यात कोसळणाऱ्या दरडी. आणि गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, याच तालुक्यातल्या डोंगराळ वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत पिण्याच्या पाण्याचे टँकर फिरतात!

एकाच गावाच्या वाट्याला एवढे सारे का यावे? नशीब हे उत्तर विज्ञानाच्या मासिकात चालणार नाही. नकाशा, थोडे गणित आणि थोडा भूगोल यांच्या मदतीने आपल्याला बरेच काही उलगडता येईल.

उतार संपतो तिथे

नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पाऊस पडतो, हे आपण भूगोलात शिकला आहात. चिपळूण या भिंतीच्या अगदी पायथ्याशी असल्याने येथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. पुण्यात होतो त्याच्या चौपट-पाचपट. तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

आता एक सोपे गणित करू. एक चौरस किलोमीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी झाले? १००० मीटर × १००० मीटर × ०.००१ मीटर, म्हणजे १००० घनमीटर, म्हणजेच दहा लाख लिटर. एका मिलिमीटरला दहा लाख लिटर! आता समजा, डोंगरातल्या १०० चौरस किलोमीटर भागावर एका दिवसात ३०० मिलिमीटर पाऊस झाला. कोकणात जुलै महिन्यात असा दिवस येणे मुळीच नवलाचे नाही. त्याचे पाणी झाले ३ कोटी घनमीटर. धरणांच्या बातम्यांत आपण 'टीएमसी' हा शब्द वाचता. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. तेव्हा आपल्या गणितातल्या त्या एका दिवसात एका टीएमसीहून अधिक पाणी डोंगरावर ओतले गेले. ते चोवीस तासांत सारख्या गतीने खाली आले असे धरले, तरी दर सेकंदाला सुमारे ३५० घनमीटर होते. प्रत्यक्षात पाऊस सारखा पडत नाही. दोन-चार तासांत कोसळतो. आणि चिपळूणच्या वरच्या बाजूचे वाशिष्ठीचे पाणलोट क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरचे नाही, त्याच्या कितीतरी पट आहे.

हे पाणी खाली येते कसे, हे त्याहून महत्त्वाचे. वाशिष्ठीची लांबी सुमारे सत्तर किलोमीटर. गोदावरी-कृष्णेच्या मानाने ती अगदीच आखूड नदी. पण सह्याद्रीचे नऊशे-हजार मीटरचे कडे ती पहिल्या काही किलोमीटरांतच उतरून येते. चिपळूणला पोचते तेव्हा समुद्रसपाटीपासूनची उंची जेमतेम काही मीटर उरलेली असते, आणि समुद्र मात्र अजून खाडीच्या वळणांनी चाळीसेक किलोमीटर दूर! म्हणजे घसरगुंडीवरून धावत आलेले मूल खाली सपाट फरशीवर येऊन थांबावे, तशी नदी चिपळुणात येऊन रेंगाळते. मागून येणारे पाणी मात्र रेंगाळत नाही. ते तितक्याच जोराने येत असते. मग ते उंच होते आणि आजूबाजूला पसरते.

रेंगाळण्याचा दुसरा परिणाम गाळाचा. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते किती जड दगड ढकलू शकेल? दुप्पट, चौपट असे उत्तर मनात येईल. खरे उत्तर आहे चौसष्टपट. ढकलल्या जाणाऱ्या दगडाचे वजन वेगाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढते, असा नियम जलशास्त्रात सांगतात. याची उलट बाजूही लक्षात घ्या. वेग निम्मा झाला की नदीची ताकद चौसष्टाव्या हिश्श्यावर येते! डोंगरात खेळण्यासारखे उडवलेले गोटे, वाळू आणि माती नदी सपाटीवर येताच टाकून देते. पात्रात बेटे तयार होतात, त्यांवर झुडपे उगवतात, झुडपांत पुढच्या वर्षीचा गाळ अडकतो. वरच्या डोंगरातली झाडी तुटली, उतारांवर रस्त्यांसाठी माती उकरली, की गाळ आणखी वाढतो. गोवळकोटचा धक्का हे एके काळी गलबतांचे बंदर होते. समुद्रावरून माल भरून आलेली गलबते थेट चिपळूणच्या दाराशी लागत. आज तेवढ्या आत मोठे गलबत आणायचे म्हटले तर नाखवा नक्कीच विचारात पडेल.

दाराशी समुद्र

समुद्र चाळीस किलोमीटर दूर असला तरी भरतीचे पाणी गोवळकोटपर्यंत पोचते. कोकणातल्या कोळ्यांना आणि खारव्यांना भरतीची वेळ काढायला घड्याळ-कोष्टक लागत नाही. त्यांचा हिशेब सोपा: तिथीला पाऊणने गुणा. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. म्हणून पौर्णिमेला समुद्रावर सव्वा अकराच्या सुमारास भरती पूर्ण होणार. अष्टमीला सहा वाजता. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, त्यामुळे भरतीही रोज पुढे सरकते. पाऊण तासाच्या या हिशेबामागे तेच कारण आहे. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण तोंडी हिशेबाला एवढी चूक माफ केली पाहिजे.

पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास सूर्य व चंद्र यांची ओढ एकाच रेषेत येते आणि भरती मोठी होते. तिला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या आसपासची लहान भरती ती भांगाची.

ही भरती खाडीतून आत कशी चालत येते? ती एक लाट आहे, फार लांबलचक लाट. उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग काढण्याचे सूत्र आहे: गुरुत्वीय त्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. खाडीची सरासरी खोली चार मीटर धरली तर ९.८ × ४ = ३९.२, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ६.३ मीटर प्रतिसेकंद. चाळीस किलोमीटर यायला पावणेदोन तास लागतील. वरून नदीचे पाणी जोराने येत असेल तर आणखी उशीर.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुराच्या दिवशी समुद्राचे पाणी गावात शिरते, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. पुराच्या वेळी नदीची पातळी भरतीच्या पातळीहून कितीतरी उंच असते, मग समुद्र वर चढणार कसा? भरती एवढेच करते की बाहेर पडण्याचे दार अर्धे लोटून घेते. खाडीच्या तोंडाशी पाणी उंच झाले की नदीला मिळणारा उतार कमी होतो. आधीच उतार नगण्य, त्यातून हा अडसर. न्हाणीघराच्या मोरीचे भोक बोळ्याने थोडेसे दाबून वरून बादली ओतून पाहा. पाणी मोरीतून वर येत नाही, पण मोरी तुंबते.

२२ जुलै २०२१

आता त्या दिवशी काय झाले ते पाहू. आषाढी एकादशी २० जुलैला झाली होती. २२ जुलै म्हणजे शुद्ध त्रयोदशी. पाऊणपटीने भरतीची वेळ काढा: पावणेदहा. सकाळी पावणेदहाच्या सुमारास समुद्रावर भरती, आणि ती उधाणाची, कारण पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली.

त्या आठवड्यात सह्याद्रीवर अभूतपूर्व पाऊस झाला. जवळच्या महाबळेश्वरला २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ५९४.४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. सोलापूरकडच्या वाचकांना कल्पना यावी म्हणून सांगतो, त्यांच्याकडे साधारण वर्षभरात जेवढा पाऊस होतो त्याच्या जवळपास हा एका दिवसाचा पाऊस. वाशिष्ठीच्या खोऱ्यातही आदल्या रात्रीपासून पाऊस थांबलाच नाही. २२ तारखेच्या पहाटे, लोक झोपेत असताना, पाणी रस्त्यावर आले. उजाडेपर्यंत ते घरांत शिरले. सकाळी भरती आत येऊ लागली तेव्हा नदी आधीच काठांवरून वाहत होती. बाजारपेठेतली दुकाने बुडाली, कित्येक ठिकाणी पाणी पहिल्या मजल्याला टेकले. वीज गेली, दूरध्वनी बंद पडले. जी माणसे माळ्यावर, गच्चीवर चढली ती दिवसभर तेथेच अडकली. एस. टी. च्या आगारातले कर्मचारी आगाराची रोकड घेऊन बसच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले, ही हकीकत तेव्हा वृत्तपत्रांतून सगळीकडे आली होती. वाशिष्ठीच्या पुलाजवळ पाणी धोक्याच्या खुणेवर गेल्याने कोकण रेल्वेने गाड्या थांबवल्या. बहादूरशेख नाक्याजवळचा महामार्गावरचा जुना पूल खचला. म्हणजे मदत यायची तर तिला रूळही नाहीत आणि रस्ताही नाही.

व्यापाऱ्यांचे सर्वांत मोठे नुकसान कसे झाले, तेही पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात पाहण्यासारखे आहे. दुकानाचे लोखंडी शटर तीन मीटर रुंद आहे, बाहेर दोन मीटर पाणी चढले आहे आणि आत अजून पाणी नाही असे समजा. खोलीबरोबर दाब वाढत जातो, म्हणून सरासरी दाब एक मीटर खोलीचा घ्यायचा. क्षेत्रफळ सहा चौरस मीटर. एकूण जोर झाला सुमारे सहा टन वजनाइतका! पत्र्याचे शटर तेवढ्याने वाकणारच. आणि हे झाले स्थिर पाण्याचे. वाहत्या पाण्याचा व त्यातून येणाऱ्या ओंडक्यांचा धक्का निराळाच.

ज्या गोष्टीचे पैशांत मोल करता येत नाही तिचेही एक उदाहरण देतो. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ साली स्थापन झालेले, म्हणजे महाराष्ट्रातल्या जुन्या ग्रंथालयांपैकी एक. २००५ च्या पुरात त्याची असंख्य पुस्तके भिजून गेली. नव्याने पुस्तके जमवली, संस्था पुन्हा उभी राहिली, २०१३ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही चिपळुणात भरले. २०२१ मध्ये पाणी पुन्हा ग्रंथालयात शिरले. भिजलेले पुस्तक वाळवता येते असे आपल्याला वाटते. पण पुराचे पाणी नुसते पाणी नसते, त्यात माती आणि मैला असतो. पाने एकमेकांना चिकटतात आणि दोन-तीन दिवसांत बुरशी धरते.

दुसऱ्या खोऱ्याचे पाणी

चिपळूणच्या पुराची चर्चा निघाली की कोयनेचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही. त्याचे कारण नीट समजून घ्या. कोयना ही कृष्णेची उपनदी. तिचे पाणी खरे म्हणजे पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे जायचे. कोयना प्रकल्पाने ते सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेला वळवले, पोफळीजवळ खाली सोडले आणि त्यावर वीज निर्माण केली. जनित्रांतून गेलेले पाणी कोळकेवाडीच्या धरणात येते, तेथे पुन्हा त्यावर वीज होते आणि शेवटी ते वाशिष्ठीत जाते. महाराष्ट्राला एकूण १९६० मेगावॉट क्षमतेचा हा प्रकल्प मिळाला आणि वाशिष्ठीला दुसऱ्या खोऱ्याचे पाणी मिळाले. कोकणातल्या इतर नद्या उन्हाळ्यात आटतात, वाशिष्ठी आटत नाही, ती यामुळे.

किती पाणी? कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवण्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी ठरवून दिले होते. हे वर्षभर सारखे सोडले तर सेकंदाला सुमारे ६० घनमीटर पडते. आपल्या मघाच्या गणिताशी ताडून पाहा: केवळ १०० चौरस किलोमीटरवरच्या मोठ्या पावसाचे सेकंदाला ३५० घनमीटर. तेव्हा 'पूर कोयनेनेच आणला' हे म्हणणे गणितात बसत नाही. पण गोष्ट येथे संपत नाही. वीजकेंद्र वर्षभर सारखे चालत नाही. विजेची मागणी जास्त असेल त्या तासांना ते जोरात चालते आणि तेव्हा पाणी सरासरीच्या कितीतरी पट सुटते. काठोकाठ भरलेल्या पेल्यात शेवटचे चमचाभर पाणी कोणी घातले, हा प्रश्न क्षुल्लक नसतो. म्हणून मुसळधार पावसात, त्यातही उधाणाच्या वेळी, वीजनिर्मिती किती ठेवायची हा नागरिकांनी लावून धरलेला प्रश्न अगदी रास्त आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

पहाटे चार वाजून एकवीस मिनिटे

कोयनेने चिपळूणला आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे जमिनीचे हादरे. दख्खनचे पठार म्हणजे भूकंपांपासून सुरक्षित असे भूकंप-नकाशे काढणारे पूर्वी मानत. १९६२ च्या सुमारास कोयनेच्या शिवाजीसागरात पाणी साठू लागले आणि थोड्याच काळात लहान लहान धक्के सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ प्रतीचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पावणेदोनशेहून अधिक माणसे मेली. सह्याद्रीच्या अलीकडे, सरळ रेषेत थोड्याच अंतरावर असलेले चिपळूणही जोराने हादरले. मुंबई, पुणे, गोव्यापर्यंत धक्का जाणवला. धरणाला तडे गेले, पण धरण उभे राहिले आणि पुढे ते मजबूत करण्यात आले.

धरणाच्या पाण्याने भूकंप कसा होईल? पाण्याच्या वजनाने जमीन फुटली, असे उत्तर अनेकजण देतात; ते अपुरे आहे. जमिनीखालच्या खडकांत पूर्वीपासूनच ताण साठलेला असतो आणि भेगेच्या दोन्ही बाजू घर्षणामुळे जागच्या जागी अडून राहिलेल्या असतात. पाणी झिरपत भेगांत उतरते, तेथला दाब वाढवते आणि दोन्ही बाजूंना किंचित दूर लोटते. घर्षण कमी होते. ओल्या टेबलावर पालथा ठेवलेला गरम पेला आपोआप घसरताना आपण पाहिला असेल, तसेच काहीसे. साठलेला ताण निसर्गाचा, चाप ओढला पाण्याने. जलाशयामुळे उद्‌भवलेल्या भूकंपांत कोयनेचा हा भूकंप जगातला सर्वांत मोठा मानला जातो. त्यानंतरही तेथे ५ किंवा त्याहून अधिक प्रतीचे वीसहून जास्त भूकंप झाले आहेत. म्हणूनच शास्त्रज्ञांनी कोयना परिसरात गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विंधनविवर खोदले. २०१७ मध्ये ते काम पूर्ण झाले. सव्वा किलोमीटर जाडीचा बेसाल्ट खडक ओलांडल्यावर खाली ग्रॅनाइटसारखा पुरातन खडक लागला. भूकंप त्या खालच्या खडकात होतात.

डोंगर निसटतो, बांध फुटतो

चिपळूणच्या उत्तरेला परशुराम घाट आहे. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकणची भूमी निर्माण केली ही कथा आपण ऐकली असेल. त्याचे देऊळ याच डोंगरावर आहे. या डोंगरांवर वर जांभा दगड असतो. जांभा सच्छिद्र, पाणी चटकन पिणारा. त्याच्या खाली कुजलेल्या खडकाची मऊ, चिकणमातीसारखी थर असते आणि ती पाणी लवकर पुढे जाऊ देत नाही. दोन-तीन दिवस संततधार लागली की वरचा भाग भिजून जड होतो आणि खालचा थर निसरडा. त्यातून डोंगराचा पायथा रस्त्यासाठी उभा कापलेला असला तर मग आधारच जातो. २०२१ च्या त्याच पावसात घाटाखालच्या पेढे गावात दरड घरांवर आली. शेजारच्या खेड तालुक्यात पोसरे येथे आणि रायगड जिल्ह्यात महाडजवळ तळिये येथे वस्त्याच्या वस्त्या गाडल्या गेल्या. तळियेत ऐंशीहून अधिक माणसे दगावली. २०२२ मध्ये परशुराम घाट काही काळ वाहतुकीला बंदच ठेवावा लागला.

तिवरे धरणाची गोष्ट याच जातीची आहे. हे मातीचे लहान धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि खालच्या वाडीतली वीसहून अधिक माणसे वाहून गेली. धरणाला गळती लागल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. खेकड्यांनी पोखरल्याने धरण फुटले, असे विधान तेव्हा केले गेले आणि राज्यभर त्याची चेष्टा झाली. चेष्टा बाजूला ठेवून विचार करू. मातीच्या बांधातून पाण्याची बारीकशी धार वाहू लागली की ती आपल्याबरोबर मातीचे कण नेते. वाट रुंद होते, धार मोठी होते, आणखी माती जाते. अशी वाट सुरू व्हायला उंदराचे, खेकड्याचे बीळ किंवा कुजलेले झाडाचे मूळही पुरते, हे खरे. म्हणून तर मातीच्या धरणाची पाहणी वारंवार करायची असते. गळणारे पाणी स्वच्छ असेल तर लक्ष ठेवावे; गढूळ येऊ लागले तर खालच्या लोकांना ताबडतोब हलवावे, कारण गढूळ पाणी म्हणजे धरणच थोडे थोडे बाहेर येत आहे.

वादळांविषयी थोडक्यात. २००९ चे फयान, २०२० चे निसर्ग, २०२१ चे तौक्ते या चक्रीवादळांचा मुख्य मार गुहागर, दापोली, श्रीवर्धनसारख्या किनाऱ्याच्या भागांना. चिपळूण आत असल्याने येथे वाऱ्याचा जोर पुष्कळसा मोडलेला असतो.

निळी रेषा, तांबडी रेषा

२०२१ नंतर चिपळुणात सर्वांत जास्त भांडण झाले ते नकाशावरच्या दोन रेषांवरून. पाटबंधाऱ्याचे अभियंते नदीकाठच्या गावात निळी आणि तांबडी अशा दोन पूररेषा आखतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम करायचे नाही, दोहोंच्या मधल्या पट्ट्यात कडक अटींवर करायचे. आता चिपळूणची जुनी बाजारपेठ आणि दाट वस्ती नदीला लागूनच आहे. रेषा मान्य करावी तर ज्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या तेथे आहेत त्यांनी पडकी घरे पुन्हा बांधायची नाहीत काय? अमान्य करावी तर पुढच्या पुरात काय?

'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांनीही घोटाळा होतो. एकदा येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात पाहू, असे माणसाला वाटते. खरा अर्थ असा की दर वर्षी असा पूर येण्याची शक्यता शंभरात एक. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही, जसे फाशावर एकदा सहा पडले म्हणून पुढच्या वेळी सहा पडायचे थांबत नाहीत. तीस वर्षांत तो एकदाही न येण्याची शक्यता ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ०.७४. म्हणजे तीस वर्षांच्या संसारात तो किमान एकदा पाहावा लागण्याची शक्यता शंभरात सव्वीस. निळ्या रेषेचे गणित तुम्ही करा: ०.९६ चा पंचविसावा घात काढून एकातून वजा करा. उत्तर शंभरात चौसष्टच्या जवळ येईल. हेही हवामान बदलत नाही असे धरून. अरबी समुद्र तापतो आहे, उष्ण हवा अधिक बाष्प धरते, आणि पश्चिम किनाऱ्यावर अतिवृष्टीचे दिवस वाढण्याकडे कल आहे. तेव्हा जुन्या नोंदींवरून काढलेले 'शंभर' आता शंभर राहिले असतीलच असे नाही.

नागरिकांची मुख्य मागणी गाळ काढण्याची होती. चिपळूण बचाव समितीने त्यासाठी साखळी उपोषण केले, आणि २०२२ पासून वाशिष्ठी व शिव या नद्यांतून गाळ उपसण्याचे मोठे काम झाले. याने फरक पडतो काय? पडतो. रुंद पात्रातून वाहणारे पाणी खोलीच्या पाच-तृतीयांश घाताच्या प्रमाणात वाढते. खोली तीन मीटरची चार केली तर वहनक्षमता एकपटीची सुमारे १.६ पट होते. मात्र हे उताराच्या भागात. भरती जेथे पोचते त्या भागात पाण्याची पातळी समुद्र ठरवतो. तेथे तळ कितीही खोल केला तरी फायदा याच प्रमाणात मिळत नाही. आणि डोंगरातून गाळ येणे थांबलेले नाही, त्यामुळे हे काम घराच्या केरासारखे आहे, एकदा काढून भागत नाही.

नदीकाठच्या शाळांना पुढच्या जूनपासून एक प्रयोग करता येईल. उभट, सरळ कडांचा पत्र्याचा डबा मोकळ्या जागी, आजूबाजूच्या झाडांपासून आणि भिंतींपासून दूर, जमिनीत थोडा रोवून ठेवा. रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टी बुडवून मिलिमीटरमध्ये पाऊस मोजा. वेधशाळाही त्याच वेळी मोजते. पुलाच्या खांबावर कोणा मोठ्या माणसाच्या मदतीने उन्हाळ्यातच रंगाने मीटरच्या खुणा करून घ्या आणि पावसाळ्यात पुलावरून, सुरक्षित जागी उभे राहून, पातळी वाचा. पाण्यात उतरू नका. वहीत तीन रकाने आखा: पाऊस, पातळी आणि वेळ. दोन पावसाळे गेले की डोंगरात पाऊस पडल्यानंतर किती तासांनी आपल्याकडे पाणी चढते, हे तुमच्या वहीतून दिसू लागेल. आणि गाव खाडीच्या जवळ असेल तर चौथा रकाना तिथीचा ठेवा.